स्वच्छ टाकीचं पाणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, काकू, प्रयोगशाळेतले सहकारी आणि खालच्या पाळणाघरातून वेळ काढून आलेल्या ताई,

सरांबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. चारात भागेल असं वाटत नाही.

सरांनी उभा जन्म बेडकांना वाहिला. सांडपाण्यातले धातू बेडकांच्या संप्रेरकांचा कसा घोळ करतात, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी सांगते. बेडकाच्या पिल्लाला पाय फुटायचे तर थायरॉइड ग्रंथीनं वेळेवर हुकूम सोडावा लागतो. पाण्यात कॅडमियम असलं की तो हुकूम अडतो. शेपूट जात नाही, पाय येत नाहीत, पिल्लू पिल्लूच राहतं. आणि ही ग्रंथी तुमच्या-माझ्या गळ्यातही आहे बरं का!

प्रयोगाला दोन टाक्या लागतात. एकीत दूषित पाणी, दुसरीत तुलनेसाठी स्वच्छ. स्वच्छ टाकीत आम्ही नळाचंच पाणी भरायचो, पिंपात रात्रभर उघडं ठेवून, क्लोरीन उडू देऊन. दोन वर्षांपूर्वी त्या टाकीतल्या पिल्लांनाही पाय फुटेनात. सर म्हणाले, "खाद्य खराब आलंय. फेकून द्या सगळं." पुढे स्वच्छ टाकीसाठी सीलबंद कॅन येऊ लागले, पिल्लं टुणटुण उड्या मारू लागली आणि सरांच्या शोधनिबंधाला पदक मिळालं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

काल संध्याकाळी निवृत्त होताना सरांनी मला प्रयोगशाळेच्या किल्ल्या सोपवल्या. जाता जाता गुरुमंत्रही दिला, "स्वच्छ टाकीला नळाचं पाणी लावू नकोस हं. मी तेव्हाच तपासून घेतलं होतं. कॅडमियम आहे त्यात, निष्कर्ष बिघडतात."

मी म्हटलं, "अहो सर, पाळणाघरातली मुलं तेच पाणी पितात!"

"मुलं आपल्या विषयात येत नाहीत," सर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

सरांचा नातूही त्याच पाळणाघरात आहे. त्याचं पाणी घरून येतं. काकू, तुम्हाला यातलं काही ठाऊक नसावं, अशी माझी आशा आहे. मला किळस आली हो! कोपरापर्यंत चिखलात हात घालून मेलेली पिल्लं वेचताना कधी आली नव्हती, ती काल सरांच्या लखलखीत टेबलाशी बसून आली. बेडकांना कॅनचं आणि लेकरांना नळाचं? ह्याला विद्वत्ता म्हणायची?

अध्यक्ष महोदय, घड्याळ दाखवू नका, आटोपतेच. आज सकाळी मी पाळणाघराच्या नळाचं पाणी स्वतः तपासायला घेतलं. निकाल समारंभाच्या तोंडावर हाती आला. कॅडमियम आजही आहे. मघाशी जिन्यात मी आपल्याला हे सांगितलं, तेव्हा आपण म्हणालात, "समारंभ पार पडू द्या, मग बघू." मला तेवढा धीर नाही. मुलांची झोपून उठायची वेळ झाली, आणि उठल्या उठल्या मुलं पाणीच मागतात.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि पाणी तपासायला ज्यांनी मला शिकवलं त्या सरांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. ताई, तुम्ही मात्र टाळ्यांसाठी थांबू नका. आधी खाली जाऊन तो नळ बंद करा.