सात वर्षं चार महिने

जुन्या जालन्यात रजतच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कडूबा सातबारा काढायला आल्ता. त्याच्यापुढं कॉलेजात तासिकेवर शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम बसलेल्या. विज्ञानाच्या संशोधनाला पैसा देणारं दिल्लीचं सरकारी खातं, तिथल्या प्रकल्प अधिकाऱ्याच्या जागेचा फॉर्म, आणि आज शेवटची तारीख.

“ताई, दहा वर्षांचा अनुभव लागतो. कॉम्प्युटर सात वर्षं चार महिने दाखवून राह्यला.”

“अकरा वर्षं झाली मला.”

“पण दाखल्यावर दर साली ऑगस्ट ते मार्चच हाय.”

“एप्रिलला काढून टाकतात. ऑगस्टला परत नवी ऑर्डर.”

“मंग चार महिने घरी?”

“घरी कशाची? कॉलेजातच, बिनपगारी. उन्हाळाभर आमच्या विभागप्रमुख सरांच्या संशोधनाचे प्रस्ताव लिहायचे. तीन मंजूर झाले, ह्याच खात्याकडून.”

“मंग तेच जोडू की. द्या कागद.”

“कागदावर सरांचं नाव हाय.”

“तुमचं कुठंच न्हाई?”

“शेवटच्या पानावर. आभार मानलेत.”

“पोळ्याला बैलाचे मानतेत तसे,” कडूबाच्या तोंडून निघून गेलं. मॅडमनी वळून पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

“सरांकडून चिठ्ठी आणा न ताई, हे सगळं तुम्हीच केलं म्हणून. दुकान उघडं ठेवतो मी.”

“सर देणार न्हाईत.”

“का बरं?”

“त्यांनी बी ह्याच जागेचा फॉर्म भरलाय.”

“त्यांची दहा वर्षं भरली?”

“बावीस भरली. परवा मीच बसून भरून दिला.”

रजतनं माउसवरचा हात काढला.

“मंग हा ठेवू का मिटवू?”

“ह्या मामांचा सातबारा काढा आधी. कवाचे उभे हायत.”