एक्क्याण्णवचं भांडण

रॉकेलच्या रांगेत दोघी शाळकरी मुली डबे घेऊन उभ्या होत्या. मागे उभ्या असलेल्या शैलानं कान टवकारले.

"गोपिके, गुरुजींनी तुलेच काहून फळ्यावर बोलावलं वं?"

"तू एक्क्याण्णव मूळ संख्या म्हणाली ना, वच्छले!"

"दोननं भाग जात नाही, तीननं नाही, पाचनं नाही. मग मूळच ना!"

"सात काहून सोडला? तेरा साती एक्क्याण्णव."

"मोठी शहाणी! आता तीनशे साठ मूळ अवयवांत फोडून दाखव. तू दोनपासून धर, मी पाचपासून धरते. पाहू कोणाचं खरं निघते."

दोघींनी विटेच्या तुकड्यानं फरशीवर आकडे लिहिले.

"दोन, दोन, दोन, तीन, तीन, पाच. झालं!"

"पाच, तीन, तीन, दोन, दोन, दोन... हे तर तेच आले वं!"

"कुठूनही फोड, मूळ अवयव तेच निघतात."

"म्हणजे मलेही तुझ्याइतकंच येते."

"येते ना. मी कधी नाही म्हणलं?"

"मग सोमवारी फळ्यावर मी जाईन. तू हात वर नाही करायचा."

"नाही करत. पण गुरुजींनी पुन्हा एक्क्याण्णवच विचारला तर?"

रांग सरकली, तशी वच्छलानं आपला डबा उचलून गोपिकेच्या डब्यापुढे ठेवला.

"इथं तरी माझा नंबर पहिला."