पांडुरंगचं पाकीट आणि तीन लाल फोन

…आणि वर मलाच विचारतात, "रघुनाथभाई, फोन वाजत का नाही?" अहो, वाजेल कसा? कोणीतरी लावायला नको का? तुम्हाला सांगतो, सरकारी हॉस्पिटलात पोस्टमॉर्टेमच्या खात्यात हेडक्लार्क म्हणून सव्वीस वर्षं काढली, जन्म सुरतेत गेला, पण असा फोन पाहिला नाही. लाल, चकचकीत. एक आमच्याकडे, एक पोलीस ठाण्यात आणि एक त्या प्रयोगशाळेत, जिथे विषाचा संशय असला की मेलेल्या माणसाच्या पोटातलं तपासायला पाठवतात. या तिघांनी आपसात बोलावं म्हणून वरून खास ग्रँट आली होती. ग्रँट कशासाठी? सहकार्यासाठी!

आता आधी फोन कोणी लावायचा, इथे घोडं अडलं. आमच्या डॉक्टर मृणाल मॅडम म्हणाल्या, "मी क्लास वन ऑफिसर, मी का लावू?" ठाण्यातले बारैया जमादार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "अमे सामेथी कोईने फोन नथी करता." आपण होऊन कोणाला फोन करत नाहीत म्हणे! आणि प्रयोगशाळेचे देसाईसाहेब, अस्सल सुरती माणूस, ते म्हणाले, "भाई, फोन बोन नहीं, कागळ मोकलो." म्हणजे पत्र पाठवा. थोडक्यात, जो आधी लावेल तो हाताखालचा, असं तिघांनी एकमेकांशी न बोलता ठरवून टाकलं. सहकार्य काय झालं असेल तर ते तेवढंच. दसऱ्याला मी आमच्या फोनला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, तरी ढिम्म.

तुम्ही म्हणाल, नाही वाजला तर तुझं काय बिघडलं? माझं नाही हो, मंदाबाईचं बिघडत होतं. नवागामची बाई, मूळ खानदेशातली. नवरा पांडुरंग लूमवर काम करता करता पडला तो उठलाच नाही. तोंडाला फेस दिसला म्हणून पंचनाम्यात लिहिलं, 'विषाची शंका'. झालं! तपासणीचे नमुने गेले प्रयोगशाळेत, आमच्या दाखल्यावर शिक्का बसला, 'मत राखून ठेवले आहे', आणि गल्लीनं मात्र काही राखून ठेवलं नाही. घेतलं म्हणे काहीतरी. बायकोशी पटत नसेल म्हणे. मुलीला, मयुरीला, बघायला आलेले पाहुणे चहा न घेता उठले. वर्ष उलटून गेलं आणि दर सोमवारी ही बाई माझ्या टेबलापुढे उभी… "भाऊ, मना मालकनी जहर नही खादं. इतलंच लिखी द्या." एवढंच लिहून द्या म्हणते, दुसरं काही मागत नाही! आणि मी काय सांगू? रिपोर्ट आला नाही, बाई. ती माझ्याकडे बघायची, मग त्या लाल फोनकडे बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि ग्रँट कशासाठी? सहकार्यासाठी!

शेवटी डिसेंबरात माझं डोकं फिरलं. घरी विजयाला, म्हणजे आमच्या मंडळींना, म्हटलं, "रविवारी तिघांना पोंक खायला बोलावतो." पोंक म्हणजे आपला हुरडा, पण सुरतकरांसमोर असं म्हणू नका, ते मनाला लावून घेतात. विजया म्हणाली, "येतील का ते?" म्हटलं, बैठकीला येणार नाहीत, पोंकला न येऊन सांगतात कुणाला!

आले की हो! तापीच्या काठावर, गरमागरम पोंक, लिंबू-मिऱ्याची शेव, पोंकवडे, ताक. इथे कोण क्लास वन आणि कोण जमादार? देसाईसाहेब मॅडमना स्वतःच्या हातानं शेव वाढत होते. मी हळूच पुडी सोडली. "नवागामच्या पांडुरंगचं काय झालं हो साहेब?" देसाई खाता खाता म्हणाले, "पांडुरंग? एनो रिपोर्ट तो अगियार महिनाथी तैयार छे. पाकीट मारा कपाटमां छे."

अकरा महिने! बारैयांचा वडा हातातच राहिला. "तो भेजा क्यूं नहीं?" "पोलीसनो माणस लेवा आववो जोईए ने?" न्यायला पोलीस यायला नको का, हे देसाईंचं. बारैया म्हणाले, "पण आम्हाला हॉस्पिटलनं स्मरणपत्र दिलं पाहिजे ना?" आणि मॅडम म्हणतात, "आम्ही रिपोर्ट तुमच्याकडे पडलाय समजून वाट बघत होतो!" मग तिघंही शेवेवर वाकले. नुसती शेव चावल्याचा आवाज.

सोमवारी सकाळी दहाला बारैया जमादार स्वतः, हो स्वतः, बाईकवरून पाकीट घेऊन आले. मॅडमनी जेवणाआधी सही केली. 'मृत्यूचे कारण हृदयविकार. विष आढळले नाही.' मयुरीनं ते कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं वाचलं. मंदाबाई म्हणाली, परत वाच. तीनदा वाचायला लावलं पोरीला! आणि मग पदरानं डोळे पुसून मला विचारते कशी, "भाऊ, झेरॉक्स कुठे निघतात?" चौदा काढल्या, गल्लीत चौदा घरं आहेत. प्रत्येक दारात उभी राहिली आणि म्हणाली, वाचा. तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी घरी जाताना शीळ घातली.

मग काय, आमचा बोलबाला! वरून पत्र आलं, 'आदर्श समन्वय', फ्रेम करून लाल फोनच्या वरच लावलंय. दुसऱ्या जिल्ह्यांची माणसं बघायला येतात, फोनशेजारी उभं राहून फोटो काढतात. फोन? छे हो, अजून नाही वाजला.

परवा मंदाबाई परत आली, बरोबर कोसाडची शीतल नावाची पोरगी. तिच्या भावाचं असंच पाकीट अडलंय, सात महिने. मी फ्रेम दाखवली, ग्रँट सांगितली. पोंकची हकीकत मीच तिला मागे सांगितली होती; मंदाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, पोंक कव्हय शे?"

मे महिना हो! पोंकला अजून सात महिने. शीतल माझ्याकडे बघतेय, मी फोनकडे बघतोय… शेवटी विजयाला सांगितलं, रविवारी रस-पुरी कर, तिघांना बोलावतो. फक्त पाकिटाचं विचारून होईपर्यंत रस वाढू नकोस. आमचं सहकार्य रस खाल्ला की झोपतं.