घरखाऊ झाड

दगडूभाऊनं मला फसवलं आन् माझ्या हातानं सगळ्या शहागंज बाजाराला फसवलं, हे आधी लिहून घ्या, बाकीचं मागून. मी शकुराबी, बागवानाची लेक. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत अब्बाचं फळांचं दुकान गेलं, राहिला एक हातगाडा, त्याच गाड्यावर मी भाव करायला शिकले, नवरा गेल्यावर त्याच गाड्याचं पुन्हा दुकान केलं. माझी जबान कडक, पण माल खरा, काय सांगू तुम्हाला, पेरू पदराला पुसायचा, कापायचा, मीठ लावायचं आन् गिऱ्हाइकाला फोड माझ्या हातानं द्यायची, म्हणायचं, खा, माझ्या भरवशावर खा.

पेरू दगडूभाऊचे, पैठणच्या रस्त्याला त्याची बाग. फळ झाडावर असतानाच बाग घ्यायची आमची रीत, आन् दारातलं एक झाड मालकाला सोडायचं, घरखाऊ म्हणतात त्याला. त्या झाडाचे पेरू त्याची बायको, वहिनी, दरसाल पिशवी भरून द्यायची, आपा, हे तुमच्या नातवंडांना. मला वाटायचं, किती मान देते बाई.

एकदा तोडणीला मी पहिल्याच एसटीनं गेले. बघते तर दगडूभाऊ पाठीला पंप लावून फळमाशीचं औषध मारतोय, त्याच झाडांवर, ज्यांचे पेरू दुपारी उतरवायचे. वास असा की डोळ्याला पाणी. फवारत फवारत दारापाशी आला आन् पंप बंद केला. मी म्हटलं, हे झाड का सोडलं? वहिनीच बोलली, त्याचं घरची लेकरं खातात ना, आपा.

मी लई बोलले त्याला, नाय नाय ते बोलले. तो म्हणतो कसा, पेरूत एक आळी निघाली तर पाटी माझ्या अंगावर कोण फेकतं, आपा? व्हय, फेकली होती. आळी नको म्हटलं होतं मी, जहर दे नव्हतं म्हटलं.

रिकामी परत आले. दुकानापुढं मास्तरीणबाई उभ्या, माझं जुनं गिऱ्हाईक. नातीचा ताप उतरलाय, तुमच्याच पेरूचा हट्ट धरलाय म्हणाल्या. मी मान वर केली नाय. माझी नातवंडं वहिनीच्या पिशवीतले पेरू खाऊन वाढली आन् बाईंची नात माझ्या हातचे. आजबी त्या दिसल्या की मी पाठ फिरवून पाट्या लावत बसते.

आता पेरू ठेवत नाय. अल्ला दगडूभाऊच्या लेकरांना सलामत ठेवो, त्यांचं वाईट मी मागत नाय. पण त्यानं एकदा शहागंजात यावं, बाईंच्या समोर उभं राहावं आन् सांगावं, पंप त्या झाडापाशीच का बंद झाला.