कोचला चान्स

फुटबॉलचा विषय काढू नका बे, मला आपला भागवत आठवतो. आपल्या लाडक्या विलायती क्लबानं नवा कोच आणला, तवा घाटनांदूरच्या टपरीवर किती भांडलो आपण! समदे एकीकडं, भागवत एकटा एकीकडं.

मी म्हणायचो, "पहिलीच मॅच हरला. ह्याला काय कळतंय?"

त्यो म्हणायचा, "पेरलं की लगीच उगवतंय का बे? चान्स तर द्या."

शेवटी त्यानं हौसेनं फाट्यावर फ्लेक्सच लावला. मधे कोचचा भला मोठा फोटो, वर 'हार्दिक अभिनंदन' अन् खाली शुभेच्छुक म्हणून आपल्या समद्यांचे फोटो, न विचारता. आपल्याकडं सरपंच होवो नाहीतर कोच, फ्लेक्स लागतोच.

आठवडाभरात क्लबानं कोचला हाकललं. आपण लई हसलो. भागवत फ्लेक्स उतरवून, गुंडाळून घरी घेऊन गेला. दिवाळी झाली अन् बायकोसंगं ऊसतोडीला गेला.

परवा त्याच्या कारखान्याकडं अवकाळी पाऊस झाला म्हणून फोन केला. म्हणलं, "पाचटाच्या कोपीचं छप्पर गळतंय का रे?"

"कोचला टाकलंय वर. थेंब आत येत न्हाई. म्हणलं व्हतं न, चान्स द्या म्हणून?"

मी हसलो. त्यो हसला न्हाई.

"फोटोची बाजू आत घेतलीय बे. आडवं पडलं की तुमी समदे दिसता. भांडायला मातर कुणीच न्हाई."