फितीबाहेरचा रणगाडा

(बुऱ्हाणपूर, राजपुरा. चुडामण यांच्या घरी, दुपारी. सून ज्योत्स्ना शाळेत इतिहास शिकवते. त्यांचे फौजेतले जुने सोबती, तेही टँकचे ड्रायव्हर, उखर्डू असीरगडजवळच्या आपल्या केळीच्या शेतातून आलेत.)

ज्योत्स्ना : ...आणि म्हणून नाव पडलं टँक. इंग्रजांनी कामगारांना सांगितलं, पाण्याच्या टाक्या बनवतोय. दुश्मनाला पत्ता लागू नये म्हणून. बरोबर ना बाबा?

चुडामण : बरोबर. सन एकोणीसशे सोळा, फ्रान्समध्ये पहिल्यांदा उतरवले. आत आठ माणसं, आणि चाल आपण तापीकाठी राजघाटावर फिरतो तेवढी.

उखर्डू : आवाज इतका, का ड्रायव्हर पत्र्यावर ठोकून मागच्याले इशारा दे. आमच्या उस्तादानं सांगेल व्हतं.

ज्योत्स्ना : थांबा काका, लिहून घेते. मग तोफेचा फिरता बुर्ज, मग दुसरं महायुद्ध, मग तुमचा टी-पंचावन्न. आणि शेवटी ड्रोन. शनिवारी वर्गात मुलं तेच विचारतील, दिवसभर मोबाइलवर देखते रहते हैं.

उखर्डू : मी बी पाह्यतो. टँकवर लोखंडी जाळीचं छप्पर करेल आहे. आमच्या टायमाले भेव जमिनीतून व्हतं, आता वरून आहे.

ज्योत्स्ना : हे वाक्य मी चोरणार. आता एकाहत्तरची लढाई तेवढी राहिली. मी असं लिहिलंय. "शत्रूच्या सुरुंगांतून जाताना चुडामण यांच्या टँकचं इंजन बंद पडलं. मागचा टँक उखर्डू चालवत होते. ते बाजूने पुढे निघाले आणि..."

चुडामण : ते काढ.

ज्योत्स्ना : का? घरात सगळे असंच सांगतात.

चुडामण : मीच सांगितलंय तसं. इंजन बंद पडलं नव्हतं. मी बंद केलं होतं.

ज्योत्स्ना : बाबा?

चुडामण : आता उखर्डू समोर बसलाय, तर बोलून टाकतो. इंजिनियरांनी सुरुंग काढून वाट केली होती. दोन्ही बाजूंना पांढरी फीत. फितीच्या आत, पुढच्याच्या चाकोरीतून चालायचं. माझ्या पुढचा टँक पेटला. त्याचा ड्रायव्हर माझ्याच ताटात जेवायचा. साहेब कानात ओरडत होते, चल, बगल से निकाल. माझे हात चालेनात. मी इंजन बंद केलं आणि म्हटलं, साब, बंद पड गया. म्हणून उखर्डूला फितीबाहेर जावं लागलं. तिथं सुरुंग फुटला. याचा पाय माझ्यामुळं गेला.

ज्योत्स्ना : पण काकांना त्या टँकमधून बाहेर तुम्हीच काढलं ना?

चुडामण : काढलं. त्यानं काय होतं.

उखर्डू : किती वेळ बंद व्हतं तुझं इंजन?

चुडामण : पाच मिनिटं. जास्तच.

उखर्डू : आणि मी किती थांबलो?

चुडामण : मला काय ठाऊक. मी पुढे होतो.

उखर्डू : एक मिनिट बी नही. माह्या साहेबानं सांगितलं, उखर्डू, रुक. वायरलेसवर पुसतो. मी म्हटलं, साहेब, बाजूले जागा आहे. ते नही म्हणले. तवर मी वळाले डावा लिव्हर ओढेल व्हता.

चुडामण : तुला थांबायचा हुकूम होता?

उखर्डू : साफ हुकूम. पण सबन ट्रेनिंगभर तू पहिला आणि मी दुसरा. मले वाटलं, आज चुडामण अडकला, आज मी पुढे. पाय माह्या डोक्यानं गेला रे. तुह्या इंजनानं नही.

ज्योत्स्ना : पन्नास वर्षांच्या वर झाली काका. तुम्ही बोलला का नाहीत?

उखर्डू : दवाखान्यात हा माहा हात धरून रडला. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग हा पेन्शनीवर आला, ट्रॅक्टर घेतला, आणि न सांगता दर साल माहं शेत नांगरून दे. मले वाटे, बोललो तर बंद होईन.

चुडामण : नांगरणी?

उखर्डू : तुहं येणं.

चुडामण : मी काय नुसता नांगरायला येत होतो का?

उखर्डू : मंग?

चुडामण : आधी पाप फेडायला यायचो. पुढं वहिनींच्या, रंभाबाईंच्या हातच्या भरितासाठी यायला लागलो. आणि तू दिवसभर बांधावर बसून माझ्या नांगरणीला नावं ठेवायचास, ते ऐकायला.

उखर्डू : नांगराचे तास वाकडेच पाडतो तू.

ज्योत्स्ना : मग शनिवारी मी मुलांना काय सांगू?

चुडामण : तू ड्रोनपर्यंत सांग. एकाहत्तरचं आम्ही दोघं येऊन सांगतो. मी भ्यालो होतो, तेही सांगतो.

उखर्डू : आणि मी ऐकलं नही, ते मी सांगतो. पोरं हसतीन.

चुडामण : हसू दे. पण आधी रंभाबाईंना सांगायला पाहिजे. इतकी वर्षं त्यांनी मला वाढलं. फोन लाव, मी बोलतो.

उखर्डू : तिले तुह्या इंजनाचं सांग. माहं तिले ठाऊक आहे. लगनाआधीच सांगेल व्हतं.

चुडामण : म्हणजे मी चुकीच्या समजुतीनं शेत नांगरतोय, हे त्यांना ठाऊक होतं? आणि त्या कधी बोलल्या नाहीत?

उखर्डू : मी एकदा म्हटलं तिले, आता त्याले सांगून टाकतो. ती म्हणे, राहू द्या. त्या माणसाले बी कुठंतरी यावं वाटत असीन.