परक्या भाषेत सांगितलेलं

(करंजा बंदर, दुपारचे साडेतीन. रेवसच्या लाँचची वाट पाहत दोघी बहिणी धक्क्यावरच्या बाकावर बसल्या आहेत. थोरली पूनम चौलला दिलेली. धाकटी रुचिता उरणला आईकडे राहते.)

पूनम : मी भांडायला आले नाही, रुची. भांडायचं असतं तर घरी आले असते, आईसमोर.

रुचिता : ताई, आईशप्पथ सांगते, मी तुझं नाव कुठेच घेतलेलं नाही. गावाचं पण नाही.

पूनम : 'माझी बहीण' म्हणालीस. किती बहिणी आहेत तुला?

रुचिता : अगं, पण स्पॅनिशमध्ये! चौलात स्पॅनिश कळणारा एक माणूस दाखव मला.

पूनम : साक्षीला कळलं.

रुचिता : तुझ्या नणंदेला? तिला कसं कळेल?

पूनम : कौतुकानं तुझा व्हिडिओ लावला तिनं. 'वहिनीची बहीण फॉरेनची भाषा कशी बोलते बघा' म्हणून टीव्हीला जोडलं. सासूबाई, आमचे हे, सगळे बसलेले. मग तिनं काहीतरी दाबलं आणि ते मराठीत बोलायला लागलं. ओठ तुझे हलत होते म्हणे, आवाज कुठल्यातरी पुरुषाचा.

रुचिता : ते... आपोआप होतं हल्ली. मशीन करतं.

पूनम : मी आत भाकऱ्या थापत होते. तो पुरुष म्हणाला, 'माझ्या बहिणीचे बाळ तीन महिन्यांचे होते. तिने त्याला समुद्रकिनारी झाडाखाली ठेवले आणि ती बसमध्ये जाऊन बसली.' मला वाटलं, बातम्या लागल्यात. मनात म्हटलंसुद्धा, कसली बाई असेल ही. मग त्यानं कंडक्टरचं सांगितलं, तेव्हा माझा हात थांबला.

रुचिता : ताई...

पूनम : रेवदंड्याच्या सुरूच्या झाडांखाली राहीला चादरीवर ठेवून मी वीस मिनिटं कुठे होते, हे दोन माणसांना माहीत होतं. एक मी. आणि एक तू, जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी ते सांगितलं.

रुचिता : मला तुला दुखवायचं नव्हतं गं. ऐक ना. स्पॅनिशचा क्लास संपला तेव्हा सर म्हणाले, वर्गात व्याकरण झालं, आता भाषा बाहेर बोलून येईल, रोज बोला. बोलू कोणाशी? घरभर एकटीच बडबडत फिरायची. तांदळाला काय म्हणतात, चावीला काय म्हणतात. आई म्हणाली, पोरीला वारं लागलं. मग व्हिडिओचं चॅनल सुरू केलं. मासळी बाजार बोलून झाला, मिठागरं झाली, द्रोणागिरीची जत्रा झाली. वीस माणसं बघायची. विषयच संपले, यार.

पूनम : मग मी सापडले.

रुचिता : तसं नाही! सर म्हणाले होते, जे सांगायला जड जातं ते सांगा. तेव्हा पाठ केलेली वाक्यं उपयोगी पडत नाहीत, शब्द आतून शोधावे लागतात. माझ्याकडे तेवढं... माझ्या स्वतःच्या आयुष्यात तेवढं काही झालंच नाही, ताई.

पूनम : किती जणांनी बघितलं?

रुचिता : आधी कमीच होते.

पूनम : किती?

रुचिता : एक्केचाळीस हजार.

पूनम : मागच्या सोमवारी मी फोन केला होता. विचारलं होतं, 'रुची, माझं ते कुठे बोललीस का?' काय म्हणालीस?

रुचिता : घाबरले होते मी.

पूनम : 'वेडी आहेस का ताई' म्हणालीस. आणि मी इतकी मूर्ख, की फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट असेल. साक्षीला तसं सांगायलाही गेले. तिनं सगळ्यांसमोर परत लावून दाखवला. आठ दिवस झाले त्या फोनला. अजून आहे का तो तिथं?

रुचिता : आहे. म्हणजे... काढणारच होते. पण तो व्हिडिओ ऑफिसला दिलाय. बंदरातल्या एका कंपनीला चिली, पेरूच्या मालासाठी स्पॅनिश बोलणारं माणूस हवं होतं. बोलण्याचा नमुना मागितला. मी बाकीचे पण पाठवले होते, पण त्यांना तोच आवडला. एक तारखेपासून जॉइन व्हायचंय.

पूनम : असं. नोकरी लागली होय तुला.

रुचिता : सांगणार होते तुला.

पूनम : दिवाळीत तू राहायला आली होतीस. रात्री माझ्या शेजारी झोपलीस आणि विचारलंस, 'ताई, तो कंडक्टर नक्की काय म्हणाला होता गं?' मी सांगितलं, 'बाई, कुठं जायचं ते तरी सांगा.' आणि मला एकाही गावाचं नाव सुचेना, म्हणून उतरले. मग तू विचारलंस, धावताना चप्पल पायात होती का, राही रडत होती का. आठवतंय?

रुचिता : हो.

पूनम : त्या रात्री मला वाटलं, कुणीतरी विचारतंय. दीड वर्षात पहिल्यांदा कुणी त्या दिवसाचं विचारलं. किती बरं वाटलं होतं मला. तेव्हा तू काय करत होतीस, रुची? लिहून घेत होतीस?

रुचिता : सकाळी लिहिलं. विसरू नये म्हणून.

भिकू (तिकीटवाला, जवळ येत) : रेवस हाय का ताई? तिकीट घ्या आधी. लाँच लागतेच हाय आता.

पूनम : एकच द्या, काका.

रुचिता : एकच? मगाशीच विचारणार होते... राहीला आणलंच नाहीस?

पूनम : लाँचमधून न्यायचं नाही म्हणाल्या सासूबाई. खाडीचं पाणी, माझा काय भरवसा.

रुचिता : असं बोलल्या?

पूनम : पहिलं बोलल्या. दुसरं नाही बोलल्या. व्हिडिओ परत दाखवून साक्षीनं टीव्ही बंद केला, तशा त्या उठल्या आणि माझ्या मांडीवरून राहीला उचललं. ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. आता ती त्यांच्याजवळ झोपते. मी तिला न्हाऊ घालते, तेव्हा साक्षी दारात बसते, फोन बघत.

रुचिता : मी येते चौलला. आत्ता येते तुझ्याबरोबर. सांगते, सगळं रचलेलं होतं, प्रॅक्टिससाठी बनवलेली स्टोरी होती. मानतील ते.

पूनम : मानलं असतं. पण मी सांगून टाकलं, ती मीच.

रुचिता : कशाला पण!

पूनम : आमच्या ह्यांनी विचारलं, 'खरं का?' त्यांच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना. हे कधी आवाज चढवत नाहीत, तुला माहीत आहे. एवढंच म्हणाले, 'तेव्हा मला का नाही सांगितलंस? रुचिताला सांगितलंस.' काय उत्तर देऊ? म्हटलं, ती कुणाला सांगणार नाही म्हणून.

रुचिता : ताई, हे बघ, काढला. तुझ्यासमोर काढला. चॅनलच बंद करते. नोकरीला पण नाही म्हणून कळवते आजच.

पूनम : नोकरी सोडू नको. माझ्या नावावर तेही नको. एक कर. तिथं जसं बोललीस तसं मला ऐकव. त्या पुरुषाच्या आवाजात ऐकलंय मी, तुझ्या नाही ऐकलं.

रुचिता : नको ना. प्लीज.

पूनम : बोल.

रुचिता : मी एर्माना... देहो आ सु बेबे एन ला आरेना...

पूनम : 'माझ्या बहिणीनं बाळ वाळूवर ठेवलं', तेच ना? पुढं?

रुचिता : ताई, मला नाही येत. मला नाही बोलता येत आता.

पूनम : येतं की. छान येतं तुला. डोळे पूस, माणसं बघतायत.

भिकू : चला, रेवसवाले चला! जपून हां ताई, पायरी बुळबुळीत हाय.

रुचिता : ताई, मी रविवारी येऊ? राहीला बघायला?

पूनम : ये. मावशी आहेस तिची.

रुचिता : आणि पोचल्यावर फोन कर. काय म्हणाले घरी, कशी आहेस, सगळं सांग.

पूनम : करेन. पोचले म्हणून सांगेन.